साजूक की खडीसाखर

रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या टीपॉयवरची फुलदाणी खाली जमिनीवर जाते आणि तिच्या जागी एक काळा लोखंडी डबा येतो. हा हेडफोनचा ॲम्प्लिफायर. मोबाइलमधलं गाणं वायरीने त्याच्यात जातं, त्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या दोन काचेच्या व्हॉल्व्हमधून फिरून मोठं होतं आणि मग आपल्या कानात येतं. पूर्वीच्या रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की आत लालसर उजेड दिसायचा, तेच हे व्हॉल्व्ह, फक्त अंगठ्याएवढे लहान. डब्याला हेडफोन लावायला दोन जागा आहेत, एक यांची आणि एक माझी. शेजारच्या वहिनी एकदा अशाच वेळी डोकावल्या, तर आम्ही दोघं दिवाणावर शेजारी शेजारी, कानांवर काळ्या वाट्या लावून, तोंडातून शब्द न काढता बसलेलो. त्यांना वाटलं आमचं वाजलंय. त्या दारातूनच परत गेल्या.

त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. या डब्यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी सासर-माहेरावरूनही झाली नाहीत.

हे म्हणजे माझा नवरा. मी शाळेत मराठी शिकवते, वर्गात चांगली खणखणीत बोलते, पण नवऱ्याचा उल्लेख माझ्या तोंडून 'हे' असाच येतो, त्याला आता इलाज नाही. हे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला सुपरवायझर आहेत. तिथे मशीन पत्र्यावर धाडकन आदळतं आणि पत्र्याला आकार देतं, आणि असं दिवसभर चालतं. मी एकदा आयुधपूजेला आत गेले होते, पूजेनंतर मशीन नुसतं चालवून दाखवलं, तर घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. त्या दणदणाटात यांची उभी हयात गेली. कानात घालायला कंपनी बोंडं देते, ती यांच्या खिशात असायची. मशीनचं काय बिनसलंय ते आवाजावरून कळतं, कान बंद करून काय कळणार, असं यांचं म्हणणं.

डबा आमच्याकडे आला तो यांच्या कारखान्यातल्या एका तरुण इंजिनिअरकडून. तो नोकरी बदलून पुण्याला निघाला आणि जाताना हा डबा यांच्या गळ्यात मारून गेला. बरोबर सांगूनही गेला की यातले व्हॉल्व्ह बदलले की आवाज बदलतो. मी म्हटलं, "खोलीतला बल्ब बदलला तर पुस्तकातली कविता बदलते का?" हे उठून डबा चालू करायला गेले. त्यांनी मला दिवाणावर बसवलं, हेडफोन लावला, एक गाणं ऐकवलं, व्हॉल्व्ह बदलले, आणि तेच गाणं पुन्हा ऐकवलं. कविता बदलली नव्हती. पण म्हणणारी बाई समोरच्या खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली होती.

तेव्हापासून मी या नादाला लागले, आणि लागले ती यांच्यापेक्षा जास्त.

व्हॉल्व्ह बदलायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं बारीक. आधी डबा बंद करायचा आणि काच निवू द्यायची. घाई केली की बोट भाजतं, मला त्याची चांगली सवय आहे. मग फडक्यात धरून, किंचित डोलवत, सरळ वर उपटायचा. खाली नऊ बारीक पाय असतात, गोलात उभे, आणि एका जागी दोन पायांमधलं अंतर जास्त असतं. ती फट डब्यावरच्या भोकांमधल्या फटीला जुळली तरच व्हॉल्व्ह बसतो. जोर केला तर पाय वाकतो, मग चिमट्याने सरळ करत बसा. दोन्ही बसवले की चालू करून गरम होऊ द्यायचे. तेवढ्यात मी चहा टाकते.

जोड्यांना आम्ही घरातलीच नावं ठेवली. डब्याबरोबर आलेल्या एका जोडीत आवाज भरलेला, गोल, थोडा जास्तच मायेचा यायचा. ती साजूक. दुसऱ्या जोडीत प्रत्येक वाद्य आपापल्या जागी स्वच्छ उभं, कडा लख्ख, कुणी कुणाच्या पायात नाही. ती खडीसाखर. मला साजूक आवडायची, यांना खडीसाखर, आणि आमचं भांडण ते हेच. हे म्हणायचे, साजूकमध्ये सगळ्या गाण्याला तुपाचा हात लागतो. मी म्हणायचे, खडीसाखर दाताला लागते. दोघंही माघार घेणाऱ्यातले नव्हेत. एकदा तर मी रागाने साजूकची जोडी उचलून कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली होती, म्हणजे माझी मला.

यांच्या हट्टामागे एक कारण होतं, तेही सांगायला हवं. माझे सासरे जयंतीच्या दिवसांत आणि एरवीही गायन पार्टीत असायचे. वस्तीवस्तीतून कार्यक्रम व्हायचे, भीमगीतं व्हायची, एक बुवा पुढे बसून गायचे आणि मागे कोरस. सासरे कधी पुढे बसले नाहीत. ते मागच्या रांगेत खंजिरी वाजवायचे, ती चामड्याची छोटी, कडेला पितळी चकत्या असलेली. अशा एका कार्यक्रमाची कॅसेट यांच्याकडे होती, ती यांनी उल्हासनगरला जाऊन मोबाइलमध्ये उतरवून घेतली. त्यात सासऱ्यांचा आवाज वेगळा काढता येत नाही, कोरसमध्ये कोण कोण आहे देव जाणे. पण खंजिरी एकच आहे, आणि ती त्यांची. हे प्रत्येक जोडी त्या एका गाण्यावर लावून बघायचे. चकत्यांची किणकिण जिथे मोकळी ऐकू येईल ती जोडी चांगली, एवढा यांचा सरळ हिशोब. साजूकमध्ये ती किणकिण मागे राहायची. मला ते चालायचं, कारण मला बुवांचा आवाज हवा असायचा. माझा बाप त्यात नव्हता.

उल्हासनगरला आम्ही नव्या जोड्यांसाठीही जायचो, तिथल्या सिंधी कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात. दुकान रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं, आणि गल्ल्यावर एक सिंधी आजी. व्हॉल्व्ह तिने अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे करून ठेवलेले असत. त्यातलं तिला काही कळत नव्हतं आणि ती तसं स्वच्छ सांगायची. "पुट, आवाज का मैं क्या जानूँ, काच देख ले, काच साबूत है," असं यांना म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी लेकरासारखं पुट म्हणतंय याचं यांना इतकं अप्रूप की भाव करायचेच विसरायचे. मग मला पुढे व्हावं लागे. एकदा माझ्या घासाघिशीला कंटाळून तिने आणखी एक जोडी पिशवीत टाकली. "ये फ्री ले जा बाई, पण माझं डोकं नको खाऊ."

ती फुकटची जोडी घरी आणून लावली तर गाण्याच्या मागे सारखं चर्र चर्र. कुणीतरी आतल्या खोलीत भजी तळतंय आणि आपण बाहेर गाणं ऐकतोय, असं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तिचं नाव भजी पडलं आणि ती कपाटाच्या खणात पडून राहिली.

भांडण मिटवायला म्हणून परीक्षेची कल्पना माझी. मी म्हटलं, तुम्हाला नाव माहीत असतं म्हणून ती आवडते, न बघता ओळखून दाखवा. डब्यापुढे माझी जुनी ओढणी टांगायची, मी मागे कोणतीही जोडी लावायची, दोघांनी हेडफोन लावून ऐकायचं आणि यांनी सांगायचं. आणि हे सांगायचे. गुडघ्यावर बोट हळूहळू आपटत, डोळे मिटून ऐकायचे आणि पहिलं कडवं संपायच्या आत म्हणायचे, "खडीसाखर. आणि हीच चांगली." एकदा चुकतील तर शपथ. मी इतकी वर्षं पेपर तपासतेय, असा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला.

पुढे त्यात हळूहळू फरक पडत गेला, तो नक्की कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. हे आता डोळे मिटेनासे झाले. ऐकताना माझ्याकडे बघायला लागले. बघायला म्हणजे टक लावून. मी भुवया उंचावून काय म्हणून विचारलं की म्हणायचे, "काही नाही. गाणं ऐकताना भिंतीकडे बघू का?" आता या वयात नवरा आपल्याकडे असं बघतोय म्हटल्यावर कुठल्या बाईला बरं वाटणार नाही? मी रविवारी केस जरा नीट बांधायला लागले. घरातला गाऊन सोडून साधी का होईना साडी नेसायला लागले. स्टाफरूममध्ये एकदा विषय निघाला तेव्हा मी अगदी सहज सांगितल्यासारखं सांगून टाकलं की आमचे हे अजून माझ्याकडे बघत बसतात. बाकीच्या जणी गप्प झाल्या आणि मला फार आनंद झाला.

आणि भांडणंही थांबली. जोडी कोणती ते हे अजूनही बरोबर सांगायचे, पण मत बदललं होतं. "साजूक. हीच बरी वाटते आता," असं म्हणायला लागले. मी मनातल्या मनात विजयाची गुढी उभारली. मला वाटलं, संसार मुरला की आवडीनिवडी अशाच एक होत जात असतील. दीड-दोन वर्षं आमचं एकदाही वाजलं नाही. कपाटातल्या साड्यांखाली काही लपवायची वेळ आली नाही.

बाकी खुणा होत्या, नव्हत्या असं नाही. टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की समोरच्या बिल्डिंगला वेगळा टीव्ही लावायची गरज नव्हती. दारावरची बेल वाजली तरी हे पेपर वाचत बसायचे. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या विचारलं तर म्हणायचे, लक्ष नव्हतं. पण नवरा ऐकत नाही ही तक्रार कुणाच्या घरात नाही? मी चिडायचे, दोन शब्द बोलायचे, आणि रविवारी हे कोणतीही जोडी न बघता ओळखायचे. ज्याला भजी आणि साजूकमधला फरक कळतो त्याचे कान बिघडलेत असं माझ्या मनातही कसं येणार? उलट मला खात्री होती की ऐकू सगळं येतं, फक्त माझं ऐकायचं नसतं.

मग पुतणीचं लग्न आलं. सोमवारी हळद होती, आणि रविवारी सकाळी जाऊबाईंनी मला मुलतानी माती, गुलाबपाणी आणि आणखी कसली तरी पूड कालवून दिली. दुपारी लाव, सुकू दे, तोंड हलवू नकोस, नाहीतर सुरकुत्या पडतील, असं चार वेळा बजावलं. मी जेवण झाल्यावर तो लेप थापला, आणि रविवार चुकवायचा नाही म्हणून तसाच डबा काढला. ओढणी टांगली. लेप सुकत आला तसं तोंड असं आवळलं की ओठसुद्धा हलेनात. मी हातानेच खूण केली, बसा.

पहिली लावली साजूक. हे माझ्याकडे बघत बसले. गाणं संपत आलं तरी बघतच होते. मग म्हणाले, "खडीसाखर ना?"

मी मान हलवली, नाही. मला वाटलं, लक्ष नसेल, माझ्या अवताराला हसू येत असेल. दुसरी जोडी लावली. यांनी आणखी पुढे वाकून माझ्याकडे पाहिलं. "साजूक." ती खडीसाखर होती. आता यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. पंखा तर चालू होता.

तिसऱ्यांदा मी मुद्दाम भजी लावली. म्हटलं, जरा हसू तरी. चालू केल्याबरोबर कानात चर्र सुरू झालं, आज तर नेहमीपेक्षा जोरात तळणं चाललं होतं. मला हसू येत होतं पण चेहरा हलवता येत नव्हता. हे ऐकत होते, बघत होते, पुन्हा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ही चांगली आहे. एकदम शांत आहे."

मी हेडफोन काढला आणि यांच्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "तू काही बोलत का नाहीस?" माझा चेहरा तसाच दगडासारखा. तेव्हा यांना कळलं की आपण पकडले गेलो, आणि त्यांनी मान खाली घातली.

मी मोरीत गेले आणि तोंड धुतलं. ती माती काही लवकर निघत नाही, तेवढ्या वेळात मला एकेक गोष्ट कळत गेली. वर्गात शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणारं पोर मी पाठमोरी असताना ओळखते. आणि इथे माझ्या समोर बसून, माझ्याच चेहऱ्यावरून, दीड-दोन वर्षं कॉपी चालली होती. आधी मला राग आला तो त्या साड्यांचा आणि त्या नीट बांधलेल्या केसांचा. कान वगैरे नंतर आठवलं, हे मी मोकळेपणाने लिहिते.

बाहेर येऊन मी विचारलं, "कधीपासून?"

यांना ऐकू आलं नाही, की ऐकू आलं नाही असं दाखवलं, कळेना. मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं.

"कंपनीच्या डॉक्टरने मागेच सांगितलं होतं, बारीक आवाज गेलेत म्हणून. जाड आवाज येतात. तू बोलतेस ते येतं, पण शब्द अर्धे येतात."

"मग ओळखत कसे होतात?"

"साजूक असली की तुझी मान एवढीशी कलते," यांनी स्वतःची मान कलवून दाखवली. "खडीसाखर असली की उजवी भुवई वर जाते. भजी असली की नाक." आणि नाक आक्रसून दाखवलं. इतक्या वर्षांत मला माझ्या तोंडाची ही माहिती नव्हती.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू रविवार बंद केला असतास. नाहीतर एकटीच बसली असतीस ऐकत."

मी म्हटलं, "आणि साजूक चांगली, साजूक चांगली असं जे म्हणत होतात ते?"

हे हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "खंजिरी मला कशातच ऐकू येत नाही गं. मग कशासाठी भांडू?"

मला माझ्या रागाची लाज वाटली असं नाही, राग होताच. पण त्याच्या खाली फार वाईट वाटलं. हा माणूस दर रविवारी माझ्या शेजारी बसून बापाची खंजिरी शोधत होता, ती सापडत नव्हती, आणि तोंडाने साजूक छान म्हणत होता. मी मात्र जिंकले म्हणून खूश.

हळदीला मी गेले, तिथे सगळ्या म्हणाल्या चेहरा काय छान उजळलाय. घरी आल्यावर डबा माळ्यावर टाकला आणि सांगितलं, कान दाखवल्याशिवाय खाली येणार नाही. हे म्हणाले, कानाला यंत्र लावलेल्या सुपरवायझरचं कारखान्यातली पोरं मनावर घेत नाहीत. मी म्हटलं, अर्धे शब्द ऐकणारा सुपरवायझर पोरांचे हात मशीनमध्ये घालवेल. मला घसा दिलाय तो अशाच वेळी उपयोगी पडतो.

शिवमंदिराच्या रस्त्याला एक कान तपासणाऱ्या बाई बसतात, तरुण आणि कमालीच्या शांत. त्यांनी यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेच्या बाहेर, बाईंच्या मागे उभी. तपासणी सुरू झाली आणि मी बघते तर हे माझ्याकडे बघतायत. तो आवाज मला येतच नव्हता, तो फक्त यांच्या कानात. तरी सवयीने माझ्या भुवईकडे, माझ्या मानेकडे. मध्येच माझ्या नाकाला खाज आली, मी नाक हलवलं आणि यांनी बटण दाबलं. बाईंनी मागे वळून मला पाहिलं. "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी बाहेर जाऊन बसले. बाकड्यावर माझ्या शेजारी बेलाची पानं घेतलेली एक बाई होती, ती म्हणाली, "काय झालं, रडता का?" मी म्हटलं, "हसतेय." दोन्ही खरं होतं.

तपासणाऱ्या बाईंनी नंतर नीट समजावून सांगितलं. गेलेलं परत येत नाही. उरलेल्याला यंत्र मदत करेल, पण सवय लागायला वेळ जाईल, आणि आता प्रेस शॉपमध्ये कानाला संरक्षण घालावंच लागेल. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चकत्यांची किणकिण ऐकू येईल का? खंजिरीच्या?" बाईंना खंजिरी म्हणजे काय ते सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "खोटी आशा नाही लावणार काका. लावून बघू."

यंत्र आलं. कानामागे बसणारं, भुईमुगाच्या शेंगेएवढं. पहिल्या आठवड्यात यांनी मला नको नको करून सोडलं. मी भांडी किती आपटते, पिशवी किती चुरगाळते, माझ्या चपला किती घासतात, सगळ्याची तक्रार. संध्याकाळी खिडकीत उभे राहून म्हणाले, "इथे एवढे पक्षी कधीपासून आलेत?" मी म्हटलं, ते आपल्याआधीपासून आहेत. टीव्हीचा आवाज आपोआप खाली आला. मी खंजिरीचा विषय काढला नाही, आणि यांनीही काढला नाही. दोघांनाही भीती वाटत होती.

रविवारी जेवण झाल्यावर यांनीच स्टूल लावून माळ्यावरून डबा काढला. हेडफोनच्या वाट्या मोठ्या असल्यामुळे यंत्रासकट कानावर बसल्या, फक्त जरा सरकल्या की शिट्टी वाजायची, मग पुन्हा नीट करायच्या. मी ओढणी टांगायला लागले तर म्हणाले, "राहू दे. मीच तिकडे तोंड करतो." आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मला पाठ दिसत होती, आणि विरळ झालेले केस, आणि कानामागची ती शेंग.

मी साजूक लावली. मुद्दाम नाही, हाताला तीच आली. कॅसेटमधलं ते गाणं लावलं. बुवा आले, पेटी आली, ढोलकी आली, कोरस उठला. खंजिरी तिथे होती, नेहमीसारखी मागे, तुपात बुडालेली. मी यांच्या पाठीकडे बघत होते. पाठीवरून काही कळत नाही. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. यांचं बोट गुडघ्यावर नव्हतं, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते. मला वाटलं, हेडफोन काढून घ्यावा, म्हणावं, असू दे, नाही येत तर नाही.

तेवढ्यात हे म्हणाले, "आहे."

"काय?"

"खंजिरी. आहे. पण कुठे घोंगडी टाकल्यासारखी वाजतेय. कोणती लावलीस, साजूक ना? काढ ती. मिळमिळीत जोडी आहे, मला पहिल्यापासून आवडत नाही."

मी म्हटलं, "दोन वर्षं तर साजूक छान, साजूक छान चाललं होतं."

"छान म्हणत होतो. आता नाही म्हणत. खडीसाखर लाव."

"बुवांच्या आवाजाचं काय? खडीसाखर दाताला लागते, हजारदा सांगितलंय."

"लागू दे दाताला. दात माझे आहेत."

असं आमचं सुरू झालं, आणि चांगलं तापलं. मी डबा बंद केला आणि काच निवायची वाट न बघता हात घातला, बोट भाजलं, तरी साजूक उपटली. यांनी माझ्या माहेरच्या कानांचाही उद्धार केला. मी खडीसाखर बसवताना तिची फट जुळेना, कारण मला नीट दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने भांडण चालू होतं. कशीबशी बसली. ती गरम झाली, गाणं पुन्हा सुरू झालं, आणि हे बोलता बोलता गप्प झाले. बोट गुडघ्यावर आपटायला लागलं. मी नाक पुसलं, पदराने तोंड पुसलं, तरी थांबेना. यांना त्यातलं काहीच कळलं नाही, कारण हे भिंतीकडे तोंड करून, स्वतःच्या कानांनी ऐकत होते.